औदुंबराखाली अनॉनिमस वॉम्बॅट

मराठीच्या वर्गात कविता शिकवणे म्हणजे काय, हे ज्यांनी तो वर्ग भोगला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. सर कविता एकदा मोठ्याने वाचतात. दुसऱ्यांदा वाचताना डोळे मिटतात. मग खिडकीबाहेर बघत एक दीर्घ उसासा सोडतात आणि वर्गाला कळते की आता वह्या काढायच्या. 'प्रस्तुत कवितेत कवीने' इथून जे सुरू होते ते घंटा होईपर्यंत चालते. आस्वाद सरांनी घ्यायचा आणि मुलांनी तो उतरवून घ्यायचा, ही वाटणी दोन्ही पक्षांना इतकी सोयीची आहे की तिच्याविरुद्ध कुणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. शेवटी 'कुणाला काही शंका?' असे विचारले जाते. शंका एकच असते: हे परीक्षेला येणार का?

या व्यवस्थेला सुरुंग लागला तो २०२०च्या टाळेबंदीत. वर्ग मोबाइलवर आले. सरांचे मिटलेले डोळे कुणाला दिसेनात, आणि उसासा सोडला तर 'सर, आवाज कट होतोय' असा प्रतिसाद येऊ लागला. तेव्हा नाइलाजाने आमच्यासारख्या मराठीच्या मास्तरांनी गूगल डॉक्सला हात घातला. ते काही नवे नव्हते. २००६ पासून ते जगात आहे आणि त्यावर एकाच वेळी शंभर माणसे लिहू शकतात. पण आमच्या विभागात एकाने लिहायचे आणि बाकीच्यांनी सह्या करायच्या अशी पद्धत असल्यामुळे त्याची गरज भासली नव्हती.

टाळेबंदी उठली, सवय मात्र राहिली. कविता एका कोऱ्या पानावर टंकायची, त्या पानाची लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची (दुवा म्हटले तर कुणी उघडत नाही) आणि मुलांना सांगायचे, एखाद्या शब्दावर बोट ठेवा आणि समासात शेरा लिहा. एवढेच. पण या सगळ्यातली ग्यानबाची मेख 'बोट ठेवा' इथे आहे. वर्गात तोंडी विचारले, 'कविता कशी वाटली?' तर कवितेला कुठेही स्पर्श न करता 'छान' म्हणता येते. बरेचसे साहित्यिक कार्यक्रम याच बळावर पार पडतात. समासातला शेरा मात्र असा अधांतरी राहू शकत नाही. त्याला कवितेतला एखादा तरी शब्द धरावा लागतो आणि तो शब्द सगळ्यांदेखत पिवळा होतो. मग नुसते 'छान' लिहिले तरी 'अमुक शब्द छान आहे' असे लेखी विधान होऊन बसते. खाली दुसरा कुणीतरी विचारतो, 'का बरं?' सूक्ष्म वाचन, संहितानिष्ठ वाचन वगैरे जे भारदस्त शब्द आम्ही अभ्यासक्रमात घालतो, त्यांचा सगळा जीव या 'का बरं?'मध्ये आहे.

कविता घेतली ती बालकवींची 'औदुंबर'. एक तर ती आठ ओळींची आहे, मोबाइलच्या पडद्यावर सबंध मावते. बालकवी १९१८ साली गेले. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, तेव्हा ती पानावर उतरवली म्हणून कुणाची नोटीस येत नाही. (मर्ढेकर २०१७ पासून मोकळे आहेत. कुसुमाग्रजांसाठी २०६० पर्यंत थांबावे लागेल. तोवर मी नसेन आणि माझी मुलेही निवृत्तीला टेकलेली असतील.) आणि मुख्य म्हणजे या आठ ओळींवर मराठी समीक्षकांनी इतके लिहून ठेवले आहे की समासात भांडण्याची परंपरा मुलांना आयतीच मिळते. ते झाड म्हणजे झाडच, की कुणी विरक्त पुरुष, की खुद्द कवी, यावर जाणत्यांचेही एकमत झालेले नाही.

लिंक टाकली आणि पानाच्या माथ्यावर प्राणी जमू लागले. जो आपल्या खात्यातून आत आलेला नसतो त्याला गूगल एखाद्या प्राण्याचे नाव देऊन टाकते. अनॉनिमस कॅपिबारा, अनॉनिमस वॉम्बॅट, अनॉनिमस क्वोका, अनॉनिमस ॲक्सोलॉटल. यातला एकही प्राणी आमच्या तालुक्यात आढळत नाही. ज्यांना मांजर-बदक मिळाले ते जरा खट्टू झाले. ग्रुपवर लगेच निरोप आले: 'सर, मी क्वोका आहे, माझी प्रेझेंटी लावा.' 'सर, मी मगाशी वॉम्बॅट होतो, नेट गेलं, आता उंट झालो.' हजेरीच्या मस्टरमध्ये या नोंदी कुठे करायच्या याची तरतूद विद्यापीठाने केलेली नाही.

पण या प्राण्यांनी माझे फार मोठे काम केले आणि ते सांगायचे तर जरा केंब्रिजला जाऊन यावे लागेल. तिथे आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक होते. ते विद्यार्थ्यांना कवितेचे छापील कागद वाटत. त्यावर कवीचे नाव नाही, काळ नाही, काही नाही. आठवडाभराने मुलांची लेखी मते गोळा करत. १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या पुस्तकात त्यांनी १३ कविता आणि त्यांवरचे मुलांचे अभिप्राय छापून टाकले. नाव झाकल्यावर मुलांनी काय करावे? जॉन डनसारख्या कवीला नावे ठेवली, लाँगफेलोला जवळजवळ सगळ्यांनी मिळून धुडकावले, आणि ज्यांची आज कुणाला आठवण नाही अशांच्या कवितेवर माना डोलावल्या. सूक्ष्म वाचनाच्या शास्त्राचा पाया घातला गेला तो हा असा. केंब्रिजची पोरेही अशीच वाचतात हे कळल्यावर तालुक्याच्या मास्तराला केवढा धीर येतो, हे रिचर्ड्सना ठाऊक नसेल.

रिचर्ड्सनी कवीचे नाव झाकले होते. गूगल समीक्षकाचे झाकते. माझ्या मते हे जास्त गुणकारी आहे. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी असते, प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचे उत्तर पुरे होते, आणि मग बाकीचे सुखाने गप्प बसतात. मागच्या बाकावर एक मुलगा असतो, 'प्रेझेंट सर' याखेरीज त्याचे दुसरे वाक्य कुणी ऐकलेले नसते. समासात ती मुलगी कोण आणि हा मुलगा कोण हे कळत नाही. वॉम्बॅट बोलतो. आणि 'प्रेझेंट सर'वाला मुलगा वॉम्बॅट झाला की काय काय बोलतो!

अर्थात सुरुवातीलाच नाही. वाचणारा कुठे कुठे घसरतो याचीही रिचर्ड्सनी यादी केली होती: ठरीव प्रतिक्रिया, असंबद्ध आठवणी, भाबडेपणा, आधीच बाळगलेली मते. आमच्या वर्गाने ही सगळी यादी पहिल्या दहा मिनिटांत पुरी केली. हिरवाईच्या उल्लेखावर बोट ठेवून 'झाडे लावा, झाडे जगवा'. गावाच्या उल्लेखावर बोट ठेवून 'आमच्या मामाचे गाव असेच आहे, फक्त डोहाऐवजी धरण आहे'. एकाने बालकवींचे चरित्र कुठूनसे जसेच्या तसे आणून चिकटवले, त्याच्या मधोमध '[संदर्भ हवा]' असे राहून गेले होते. सबंध समासात इतके प्रामाणिक विधान दुसरे नव्हते. आणि शीर्षकावर बोट ठेवून कुणी भाविकाने लिहिले, 'औदुंबर हे दत्तगुरूंचे स्थान आहे. श्री गुरुदेव दत्त.' झाले! खाली रांगेने 'श्री गुरुदेव दत्त', 'श्री गुरुदेव दत्त'. प्रत्येक उत्तराची वर्दी माझ्या ईमेलवर. 'रिझॉल्व्ह'चे बटण दाबले की असा धागा पानावरून नाहीसा होतो, पण दत्तमहाराजांना नाहीसे करण्याची छाती आमच्या विभागात कुणाची नाही. तो धागा अजून उघडा आहे.

आणि उघडा राहिला हे बरेच झाले. कारण त्या जयजयकाराच्या तळाशी क्वोकाने एक ओळ लिहिली: 'पण दत्ताच्या औदुंबराला पार असतो, पादुका असतात, माणसं असतात. इथं एकपण माणूस नाही.'

मी कविता पुन्हा बघितली. सगळ्यांनीच बघितली असावी, कारण पानावरची धावपळ एकदम थांबली. झरा आहे, इवलेसे गाव आहे, घरे आहेत, दाट शेतमळे आहेत, चांगली रुळलेली वाट आहे. माणूस नाही. शेत कुणी पिकवले, घरात कोण राहते, वाटेने कोण गेले, कुणाचाच पत्ता नाही. मामाचे गाव आणि धरणवाला धागा तिथेच मावळला, कारण मामाच्या गावाला निदान मामा तरी असतो.

मग कॅपिबाराने रंगकाम काढले. त्याच्या डोक्यात समीक्षा वगैरे काही नव्हती. मोबाइलवर अक्षरांमागे रंग भरायची सोय सापडली होती, एवढेच. हिरव्या शब्दामागे हिरवा, पांढऱ्यामागे पांढरा (तो दिसेना म्हणून करडा), काळ्यामागे काळा. काळ्यावर काळी अक्षरे लुप्त झाल्यामुळे कुणीतरी रागावले, मग ती पांढरी करण्यात आली. हा सगळा पोरखेळ संपल्यावर पानाकडे पाहिले तर कवितेचा नकाशाच समोर आला. हिरवा रंग पहिल्या ओळीत, चौथीत आणि सहावीत, तिथे तो संपतो. काळा सहाव्या ओळीत सुरू होतो, सातवीत पसरतो. म्हणजे सहाव्या ओळीत दोघेही आहेत, एक टोक हिरव्याच्या हातात आणि दुसरे काळ्याच्या. आणि तिथवर आपल्याला घेऊन येते ती पाचव्या ओळीत निघालेली पांढरी वाट. हे मी आजवर फळ्यावर लिहून सांगितले असते तर मुलांनी 'रंगसंगती, गुण ४' असे वहीत उतरवून घेतले असते. स्वतः रंगवल्यावर वॉम्बॅटने विचारले, 'म्हणजे वाटेनं गेलं की बुडायचंच का?'

एव्हाना मुलांना शब्द शोधायच्या खिडकीचा नाद लागला होता. 'हिरव' टाक, 'काळ' टाक. कुणीतरी 'पाय' टाकले. दोन ठिकाणी दिवा लागला. एक पायवाट, आणि दुसरा शेवटच्या ओळीत, झाडाचा. त्या सबंध निर्मनुष्य मुलखात पाय आहेत ते एकट्या झाडाला, आणि तेही पाण्यात सोडलेले. ज्यांच्या पायांनी ती वाट पडली ते कुठेच नाहीत. क्वोकाने याच्या खाली फक्त 'बाप रे' लिहिले. मी इतकी वर्षे कविता शिकवतो आहे, पण 'बाप रे' हा अभिप्राय इतक्या योग्य जागी पडलेला पहिल्यांदाच पाहिला.

असे सगळे गोडीगुलाबीने चालले असताना अनुस्वार निघाला. कविता जुन्या प्रतीबरहुकूम टंकलेली होती, म्हणजे 'निळासांवळा', 'झांकळुनी', नाकात बोललेली सगळी टिंबे शाबूत. ॲक्सोलॉटलने 'सजेस्ट'ची सोय वापरून ती टिंबे एकेक करून खोडायला घेतली. आमचे एक निवृत्त सर, ज्यांना मानाने लिंक पाठवलेली होती, खवळले. 'बालकवींच्या संहितेला हात लावणारा तू कोण?' (आता तो कोण हे गूगलनेच झाकून ठेवले होते.) त्यावर व्याकरण शिकवणाऱ्या मॅडम उतरल्या. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनुसार केशवसुतांच्या आधीचे पद्य तेवढे मुळाबरहुकूम छापायचे. खुद्द केशवसुत आणि त्यांच्यापुढचे सगळे नव्या नियमांनी. तेव्हा मुलगा नियमाने बरोबर आहे, असे त्यांचे म्हणणे. सरांनी लिहिले, 'मॅडम, अनुस्वार हा त्या ओळीचा अलंकार आहे.' मॅडमनी लिहिले, 'सर, अलंकार तिसऱ्या घटकात आहेत.' मुले हा सामना श्वास रोखून बघत होती. साहित्यावरून मोठी माणसे खरोखर भांडतात हे त्यांना प्रथमच दिसत होते, आणि साहित्याविषयीचा त्यांचा आदर त्या दिवशी वाढला असे माझे निरीक्षण आहे.

दुसऱ्याच्या संहितेत हात घालण्याचा हा मोह आपल्याकडे जुना आहे. ज्ञानेश्वरी १२९०ची. पुढे नकला करणाऱ्यांनी तिच्यात इतके पाठभेद करून ठेवले की १५८४ साली एकनाथांना बसून तिची शुद्ध प्रत तयार करावी लागली. ते झाल्यावर त्यांनी बजावूनही ठेवले की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. 'व्ह्यू ओन्ली'ची परवानगी इतक्या सणसणीत शब्दांत नंतर कुणी दिलेली नाही. याउलट महानुभावांनी लीळाचरित्रात एकाच लीळेबद्दलच्या वेगवेगळ्या आठवणी ज्याच्या त्याच्या नावानिशी नोंदवून ठेवल्या. ही समासाची खरी रीत. मूळ मूळच्या जागी आणि मतभेद नाव घालून. गूगलने यात नवीन आणले ते एवढेच की नाव वॉम्बॅटचे.

गूगल डॉक्ससारखी साधने परदेशात पुष्कळ आहेत. हायपोथिसिस नावाचे एक, २०११ साली निघालेल्या ना-नफा संस्थेचे. ते कुठल्याही संकेतस्थळावर आपला समास बसवून देते. हार्वर्डमधून निघालेले पेरुसॉल आहे. त्याच्या कर्त्यांपैकी एक, एरिक माझूर, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यात मुलांच्या शेऱ्यांना यंत्रच गुण देते. ते आमच्याकडे आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गुण मिळतात म्हटल्यावर आमची मुले पूर्णविरामावरसुद्धा रसग्रहण लिहितील. पॅडलेटची भिंतही एकदा करून पाहिली. भिंत म्हटल्यावर मराठी मुलाला फ्लेक्सच आठवतो. पहिली चिठ्ठी कवितेवर आली, दुसरी 'भाऊंना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा', तिसऱ्या चिठ्ठीत शुभेच्छुकांचे फोटो. ती भिंत आम्ही पाडली.

अलीकडे समासात आणखी एक वाचक येऊ लागला आहे. 'सदर कविता निसर्ग आणि मानवी अस्तित्व यांच्यातील गहन नात्याचा बहुआयामी वेध घेते' असा शेरा एकाच दुपारी कॅपिबाराचा आला, उंटाचा आला आणि बदकाचाही आला. बदकाने तर पुढचे वाक्यही तसेच चिकटवले होते: 'हे मी आणखी सोप्या भाषेत सांगू का?' आणि त्याखाली कुणा सरळमार्गी मुलाने उत्तर दिले होते, 'हो सर, सांगा.' यावर रागावून उपयोग नसतो. मी प्रत्येकाला एकच विचारतो, 'हे कुठल्या शब्दावरून?' ज्या कवितेत औषधाला माणूस नाही तिथे 'मानवी अस्तित्व' नेमके कुठे सापडले हे दाखवायला बदकाला कविता वाचावी लागली. दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले, 'सर, वाटेवर. ती कुणीतरी पाडली असणार ना.' हे वाक्य कुठल्याही यंत्राने लिहून दिलेले नव्हते, कारण त्यात 'बहुआयामी' नव्हते.

हा सगळा उपक्रम महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी आलेल्या समितीला दाखवावा असे वरून सांगण्यात आले. मी पान उघडून दिले. रंगवलेली कविता, दत्ताचा धागा, अनुस्वाराची लढाई, क्वोकाचे 'बाप रे', सगळे हजर. समितीने ते कौतुकाने पाहिले आणि उपक्रमाचे जिओटॅग केलेले फोटो मागितले. मुले आपापल्या घरी, एसटीत, शेतात बसून लिहीत होती हे सांगितल्यावर समितीचे समाधान झाले नाही. शेवटी साठही मुलांना वर्गात बसवले, हातात मोबाइल देऊन ऑनलाइन असल्यासारखे खाली बघायला लावले आणि फोटो काढला. त्यात सगळी मुले आहेत, अक्षांश-रेखांशही आहेत, कविता मात्र कुठे दिसत नाही.

तुम्ही मराठी शिकवत असाल तर हे एकदा करून बघा. कविता लहान घ्या आणि तिचे हक्क संपलेले आहेत ना, ते पाहा. परवानगी 'कमेंट'चीच द्या. 'एडिट'ची दिलीत तर संध्याकाळपर्यंत नववी ओळ तयार होते. (रंगकामापुरती मी तासभर दिली होती, तेवढ्यात एकाने औदुंबराला फळे आणली.) लिंक टाकण्याआधी दहा मिनिटे मोबाइल दप्तरात ठेवायला लावून कविता मोठ्याने वाचा, नाहीतर मुले कविता सोडून फक्त शेरे वाचतात. आणि काहीही झाले तरी पहिले दोन दिवस समासात स्वतः एक अक्षर लिहू नका. सरांचा शेरा पडला की सगळे प्राणी त्याच्याखाली 'ओके सर' लिहून घरी जातात.